अवतरणाचा मुहूर्त

१ फेब्रुवारी, शनिवार
आजवर माझी सत्तावीस लँडिंग्ज झाली. पैकी सव्वीस वेळा मला शिकवणाऱ्या कॅप्टन हिबाने ऐन वेळी कंट्रोल हातात घेतले, पण विमानात मीही होतोच. पुढच्या शनिवारी सोलो. एकट्याने चक्कर मारून उतरायचं. जमलं तर लायसन्सची वाट मोकळी. नाही तर बायकोची, म्हणजे स्मिताची, अट अशी की, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षीचा हा छंद खलास.

४ फेब्रुवारी
सांगलीच्या गुरुजींना फोन. उड्डाणाचा मुहूर्त देतो म्हणाले. म्हटलं, नवरी घरातून निघताना कोणी अक्षता टाकत नाही. अवतरणाचा काढा. नऊ बेचाळीस ते अठ्ठेचाळीस. सांगलीच्या दीड तास मागे असलेल्या इथल्या घड्याळाने, हे दोनदा विचारून घेतलं. अशा बाबतीत मी गाफील नसतो.

७ फेब्रुवारी
इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर आमंत्रण टाकलं. आमच्या अल मजाज वस्तीतून चौदा जण येणार. सेक्रेटरी विजयकुमार व्हिडिओ काढणार. लेक म्हणाली, बाबा, प्लीज डोन्ट वेव्ह. केयाला अजून माझ्या संयमाची कल्पना नाही.

८ फेब्रुवारी, दुपारी
नऊ शेहेचाळीसला भूमिस्पर्श. मुहूर्त साधला.
किरकोळ तपशील: त्याआधी हिबा रेडिओवर म्हणाली, मिस्टर अरुण, उंच आहात, वेगही जास्त आहे, उतरू नका, आणखी एक चक्कर मारा. चकरेला आठ मिनिटं लागतात. टायमिंग आहे, असं नम्रपणे कळवलं. मग विमान तीनदा उसळलं (एका फेरीत तीन लँडिंग्ज), पुढचं चाक मोडलं, पंखा वाकला, नाक रनवेला टेकलं. साष्टांग नमस्कारच तो. मला खरचटलंही नाही.
स्मिता औक्षणाचं ताट केयाकडे देऊन धावत आली. माझे दोन्ही हात चाचपून पाहिले. म्हणाली, अहो, आठ मिनिटं उशिरा आला असतात तर मी काय निघून गेले असते?
तिचे हात गार होते. फेब्रुवारीत इथे जरा थंडी असतेच.

१० फेब्रुवारी
अपघाताचा फॉर्म. कारण: आडवा वारा. हिबाने त्या वेळची वाऱ्याची नोंद समोर ठेवली. शून्य.

१५ फेब्रुवारी
निकाल. टेक-ऑफ उत्तम, पण यापुढे शिकवणार नाही, म्हणाली हिबा. घरी येताना स्मिताला विचारलं, नुसत्या टेक-ऑफचं लायसन्स मिळत असेल का? म्हणाली, मिळतं की. बोर्डिंग पास म्हणतात त्याला.
एप्रिलमध्ये पुण्याला जातोय. विंडो सीट केयाला दिली आहे.