अब्बांचा एकतिसावा शब्द

१ फेब्रुवारी १९५९, रविवार

भाई बोलून मोकळा झाला! "अब्बांना ठाण्याच्या इस्पितळात ठेवू. रमजानच्या आधी." वेड्यांच्या इस्पितळात — तो शब्द तेवढा गिळला. पंधरा तारखेला मोटार घेऊन येणार. अम्मी मान खाली घालून तांदूळ निवडत बसली. मी भांडले, तर म्हणाला, "तुला तरी ओळखतात का?"

अब्बांना अर्धांगाचा झटका येऊन दीड महिना झाला. उजवा हात लुळा, आणि तोंडात नुसती बडबड. आधी मी शाळेतून आले की अब्बा ओट्यावरूनच ओरडायचे, "आली आमची मास्तरीन!" सगळ्या नावडे गावाला ऐकू जायचं. मला मेली लाज वाटायची. आता तेवढ्यासाठी जीव तुटतो.

४ फेब्रुवारी

तांब्याकडे बघून अब्बा म्हणाले, "आयेर". काल पण. परवा पण!

६ फेब्रुवारी, शुक्रवार

बडबड असती तर रोज निराळी असती ना? बिगारीच्या पोरांना तपासते तशी वही घेऊन बसले. पाणी — आयेर. भात — नासी. मासा — इकान. चूल पेटली की — आपी. एकदाही चुकले नाहीत!

आवाजसुद्धा ठरलेले. ख, घ, भ असलं जड काही नाही. ळ नाही, ण नाही. (आमच्या गावात तरी ण कोण म्हणतं म्हणा!) आणि ङ! अक्षरांच्या तक्त्यावरचा तो बिनकामाचा ङ, जो मी पोरांना "पुढे चला" म्हणून सोडायला लावते — अब्बा केळ्याला "पिसाङ" म्हणतात आणि तो घंटेसारखा वाजतो. "अनाक" म्हणतात त्यातला शेवटचा क मात्र अर्धा गिळतात.

अम्मीला दाखवलं. "तुजं पन डोसकं फिरलंय," म्हणाली. पण वही उलटीसुलटी करून बघितली.

८ फेब्रुवारी, रविवार

तळोज्याला मुस्तफाचाचांकडे गेले. बोटीवर आगवाले होते, कोळसा घालत दुनिया फिरलेले. वही वाचून दाखवली तर हसायलाच लागले. "अगं पोरी, ही मलायी बोली! तुजा बाप तिकडं पेनांगला बारा वरसं खानावळीत भात शिजवीत होता. इसरलीस?"

विसरेन कशी? पण ती लढाईच्या आधीची गोष्ट, मी रांगत होते. अब्बांनी तिथलं कधी काही सांगितलंच नाही.

म्हणजे वेड नाही! आपली बोली हरवली आणि तरुणपणची तेवढी शिल्लक राहिली! येताना रस्त्यात एकटीच हसत होते. लोक बघत होते. बघू देत.

चाचांनी तीस शब्दांचे अर्थ दिले. अनाक म्हणजे मूल. नाव — नामा. डोकं — कपाला. तोंड — मुका. हे तर आपलेच की, तिकडे जाऊन राहिलेले! एकच अडला — "चेग्गू". अब्बा दिवसातून दहा वेळा म्हणतात. कशाकडे बघून, तेही कळत नाही, माझ्याकडेच बघत असतात. चाचा म्हणाले, "मला बंदरातलं बोलनं येतं, घरातलं नाय." त्यांचा जावई पेनांगला दुकानात आहे, त्याला पत्र टाकणार आहेत.

११ फेब्रुवारी

आज धीर करून विचारलं — "आयेर पानास?" गरम पाणी हवं का? अब्बांनी मान वर केली. "पानास! पानास!" म्हणाले आणि ढसाढसा रडले. मीही रडले. पावणेदोन महिने माणूस बोलतंय आणि घरातलं कुणी उत्तर देत नाही — काय वाटलं असेल त्यांना!

१३ फेब्रुवारी

अम्मी चुलीपाशी भाकऱ्या मोजत होती. "सातू, दुआ, तिगा..." मी बघतेय म्हटल्यावर लगेच "एक, दोन, तीन"!

१५ फेब्रुवारी, रविवार

भाई आला. मोटार दारात. अब्बा जेवायला बसले होते. त्यांनी त्याला नीट निरखलं आणि म्हणाले, "सुदा माकान?"

"झालं सुरू," भाई म्हणाला. मी ओरडलेच. "अरे, जेवलास का विचारतायत तुला!"

भाई हबकला. मग हळूच मला, "नाही अजून, हे कसं म्हणायचं?"

"बेलुम."

"बेलुम, अब्बा."

अब्बांनी डाव्या हाताने आपलं ताट त्याच्यापुढे सरकवलं. भाई जेवला, मान वर न करता. मोटार अब्बांना न घेताच परत गेली! अम्मीने शुक्रान्याची नमाज पढली.

जाताना मात्र टोचून गेलाच. "भाषा आहे, मानलं. पण ओळखतात कुठे? खानावळवाला माणूस, आल्यागेल्या कुणालाही जेवलास का विचारेल." खोटं तरी कसं म्हणू? मी रोज शेजारी बसते, पण एकदाही मला नावाने, आबिदा म्हणून, हाक मारली नाही. असो. घरी आहेत, एवढं पुष्कळ झालं.

१९ मार्च, गुरुवार

चाचा रोजा असून उन्हातून चालत आले. जावयाचं पत्र! "चेग्गू — इथली पोरं शाळेतल्या मास्तरांना आणि बाईंना हीच हाक मारतात."

आत गेले. अब्बा माझ्याकडे बघून हसले. "चेग्गू."

"हो, अब्बा. आली तुमची मास्तरीन."