दोघांपुरती गाडी

मी, श्रीपाद यशवंत कर्णिक, वय सत्तावन्न, पूर्वी हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर, हल्ली निवृत्त, राहणार चरई, ठाणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी जागेवर आहे. हृदय तितकेसे नाही, असे डॉक्टर म्हणतात. हे लिहिताना माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. ही स्थिती मला नवीन आहे.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. देण्यासारखे काही माझे आहे, असे घरात मला कोणी कळू दिले नव्हते.

कलम एक : घर.
चरईतील घर वडिलोपार्जित आहे. त्याचे हिस्सेदार दोन. एक मी. दुसरे माझे थोरले बंधू भालचंद्र, ज्यांना सर्वजण अण्णा म्हणतात. वाटणी झालेली नाही. मी तो विषय एकदाच काढला होता.

"श्रीपा, अर्धं तुझं आहेच रे," अण्णा म्हणाले. "पण कुठलं अर्धं, ते बोट लावून दाखवता येत नाही. दुधातली साखर दाखवता येते का?"

अण्णा माडीवरच्या खोलीत झोपतात, मी ओटीवर. दूध माडीवर झोपते आणि साखर ओटीवर, हे उत्तर मला फार उशिरा सुचले.

गेल्या वर्षीच्या नव्या वारसा कायद्याने न वाटलेला हिस्साही मृत्युपत्राने देता येतो, असे माझे वकील सांगतात. माझा संपूर्ण हिस्सा मी माझी पत्नी वासंती हिला देतो. तिने तो मागून घ्यावा आणि बोट लावून दाखवावा.

कलम दोन : शिल्लक.
पोस्टातील रक्कम वासंतीला. यावर लिहिण्यासारखे काही नाही.

कलम तीन : हत्यारे.
करवती, रंधे, पटाश्या, गिरमिटे आणि कोयंड्याची लाकडी पेटी माझी मुलगी उत्तरा हिला. ती डोंबिवलीस दिली आहे. हत्यारे तिला दिली आहेत, तिच्या यजमानांना नव्हे. जावई सज्जन आहेत. त्यांनी माझ्या पटाशीने तुपाचा डबा उघडला होता.

कलम चार : मागील अंगणातील गाडी.
या कलमाचा मसुदा वाचून वकील म्हणाले, "मास्तर, मृत्युपत्रात वर्णन मिळकतीचं करतात, मनस्तापाचं नाही." या मिळकतीत दोन्ही वेगळे काढता येत नाहीत. तरी प्रयत्न करतो.

गाडी दोन चाकांची आहे. तिला इंजिन नाही. मोटारीच्या मागे जोडून ती ओढायची. पुढे फुगीर आणि मागे निमुळती, पाण्याच्या आडव्या थेंबासारखी. सांगाडा सागाचा, वर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. आत उभे राहता येत नाही, फक्त गादी मावते. मागचे झाकण वर उचलले की स्टोव्ह, पाण्याची कळशी आणि मिसळणाचा डबा यांच्या फळ्या. फळ्यांची उंची वासंतीने ठरवली. ती बरोबर आहे.

युद्ध संपल्यावर कल्याणच्या छावणीतले लष्करी सामान लिलावात निघाले. मी शाळेसाठी जाड कागद पाहायला गेलो होतो. रद्दीत एक अमेरिकन मासिक सापडले. त्यात या गाडीचा आराखडा होता. तिकडे लोक अशी गाडी घरी बांधतात, सुट्टीत कुठेही नेतात आणि आत झोपतात. कागद राहिले. मी जीपच्या मागच्या गाडीचा आस आणि चाके घेतली. बाळकुमचे काळुराम भोईर यांनी त्याच दिवशी मीठ आणि गवत वाहायला एक जुना लष्करी ट्रक घेतला होता. चाके त्यांनीच माझ्या अंगणात आणून टाकली.

गाडी कशासाठी, हे तेव्हा कोणाला सांगितले नाही. आता लिहितो.

आमचे लग्न १९२६ साली झाले. घरात माणसे अकरा. माडीवर खोली एक, ती थोरल्यांची. पुरुष ओटीवर, बायका आणि मुले माजघरात. आम्हा दोघांना घर एकदाच रिकामे मिळाले, वहिनींच्या भावाचे लग्न होते तेव्हा. उत्तरा त्याच्या पुढच्या वर्षाची. वहिनींना दुसरा भाऊ नाही.

पन्नाशीला टेकलेला मास्तर बायकोसाठी चाकांवर खोली बांधतो, हे चरईत सांगता येत नाही. काहीतरी सांगणे भाग होते म्हणून वासंती वहिनींना म्हणाली की यात्रेला उपयोगी पडेल. वहिनी, म्हणजे विमलाबाई, त्याच संध्याकाळी अंगणात आल्या. त्यांनी सांगाड्यात डोके घालून पाहिले.

"यात चौघं कुठं मावणार?"

"चौघं?" मी म्हणालो.

"मग आम्ही काय यात्रेला तुमच्या मागून चालत यायचं? आणि हे काय, बाईनं रस्त्याकडे पाठ करून पोळ्या लाटायच्या?"

अण्णा त्यांच्या मागे उभे होते. "श्रीपा, चौघांची कर. थोरल्यांना मागे ठेवून धाकटे देवाला गेले, असं दिसायला नको."

"अण्णा, मग ती बोळातून निघणार नाही."

आमच्या मागच्या अंगणातून रस्त्यावर जायला एक बोळ आहे. एका बाजूला आमच्या ओटीची भिंत, दुसऱ्या बाजूला शेजारी देवधर यांच्या आवाराची.

"बोळाचं मी बघतो," अण्णा म्हणाले. "देवधरांना सांगतो, भिंत जरा मागे घ्या. माझा शब्द ते मोडायचे नाहीत."

मी डावी बाजू उचकटली आणि गाडी दोन फुटांनी रुंद केली. चाकांना अडचण नव्हती. चाके बोळातून जात होती. वरचा डोलारा जात नव्हता.

यानंतर मी वाट पाहिली. थोरला भाऊ "मी सांगतो" म्हणाल्यावर "सांगितलंत का" असे विचारणे आमच्या घरात उद्धटपणा समजतात. मी उद्धट नव्हतो. दहा वर्षे गेली.

गल्लीने गाडीचे नाव करंजी ठेवले. "मास्तर, करंजी तळून झाली का?" हे मी दूधवाल्यापासून हेडमास्तरांपर्यंत सर्वांच्या तोंडून ऐकले आहे. वहिनींनी तिच्यात कुरडयांचे डबे ठेवले. नंतर लोणच्याच्या बरण्या. नंतर पाहुण्यांच्या गाद्या. "रिकामीच तर आहे, भावोजी," त्या म्हणाल्या. गाडी रस्त्यावर आणायला परवाना लागतो का, हे विचारायला मी एका कचेरीत गेलो.

"इंजिन नाही, मग बैल किती?" कारकुनाने विचारले.

"बैल नाहीत."

"मग ओढतं कोण?"

"सध्या कोणी नाही."

त्याने पुढच्या माणसाला बोलावले. काळुराम वर्षातून एकदा तांदूळ घेऊन येत आणि अंगणात डोकावत. "मास्तर, तुमी गारी बांधली का घर बांधला? माझा ट्रक म्हातारा झाला तुमची वाट बगून."

या महिन्यात मी देवधरांकडे गेलो, मृत्युपत्रावर साक्ष घालाल का असे विचारायला. जाता जाता विचारले की त्या भिंतीचे पुढे काय ठरले.

"कुठली भिंत?"

"बोळातली. अण्णा बोलले होते तुमच्याशी."

"मला कोणी काही विचारलेलं नाही."

मी बसलो. म्हणालो, "आणि विचारलं असतं तर?"

"तर नाहीच म्हटलं असतं. पण विचारायला नको का, मास्तर? माझी भिंत मागे घ्यायचं तुम्ही घरात बसून ठरवता!"

ते रागावले आणि साक्षीलाही नाही म्हणाले.

या सर्व कारणांस्तव गाडीची व्यवस्था अशी. माझ्यामागे ती वासंतीची. तिने कलम एकमधील हिस्सा मागताना ओटीची बोळाकडील भिंत आपल्या वाट्याला घ्यावी. ती पाडावी. गाडी बाहेर काढावी. ओटीवर झोपणाऱ्यांनी आपली सोय पाहावी.

कलम पाच : क्रियाकर्म.
रूढीप्रमाणे करावे किंवा करू नये. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही, तर अण्णांनी "श्रीपाची काय बरं इच्छा राहिली असेल" असे घाटावर चारचौघांत विचारू नये. इच्छा त्यांना ठाऊक आहे. दहा वर्षे ते तिच्यातली लोणची खात आहेत.

कलम सहा : कलम चारच्या शेवटच्या परिच्छेदाबाबत.
येथपर्यंतचा मसुदा मी वासंतीला वाचून दाखवला. ती मागच्या पायरीवर गहू निवडत होती. पाचवे कलम संपेपर्यंत तिने मान वर केली नाही.

"म्हणजे तुम्ही गेल्यावर मी भिंत पाडायची."

"हो."

"मग त्या गाडीत जाऊन मी एकटी झोपायचं."

मी मसुद्याचे पान उलटले.

"एकटीनं झोपायला मला माजघर आहे की. त्यासाठी चाकं कशाला हवीत?"

"मग काय लिहू?"

"लिहू नका काही. इतकी वर्षं तुम्ही अण्णांचं तोंड बघत बसलात, आणि आता मेल्यावर त्यांच्याशी भांडायला मला उभं करताय. अहो, त्यांच्यासाठी वाढवलंत ते दोन फूट कापा आणि काढा गाडी बाहेर."

"अण्णांना काय सांगू?"

"त्यांनी देवधरांना जेवढं सांगितलं, तेवढंच."

तिने सुपातला खडा काढून अंगणात टाकला आणि पुन्हा गहू निवडू लागली.

मी मुलांना चित्रात जास्तीची रेघ खोडायला शिकवण्यात नोकरी घालवली. हे दोन फूट खोडता येतील, असे माझ्या मनात आले नव्हते. ते अण्णांचे होते.

कलम चारचा शेवटचा परिच्छेद रद्द समजावा. कारण : ती वस्तू मृत्युपत्र करणाऱ्यास स्वतःला हवी आहे.

कलम सात : अण्णा व वहिनी.
उत्तरा डोंबिवलीहून आली. आम्ही बरण्या, डबे आणि गाद्या ओटीवर मांडल्या. डावी बाजू उचकटली. जमिनीच्या फळ्या आणि छपराचा पत्रा दोन फूट आत कापत आणला. पत्र्याचा आवाज फार होतो. अण्णा माडीवरून खाली आले.

"श्रीपा, काय चाललंय हे?"

"कापतोय."

"कोणाला विचारून?"

"वासंतीला."

त्यांनी कापलेल्या फळ्यांकडे पाहिले. मग म्हणाले, "आणि आम्ही कुठं बसायचं?"

"काका, तुम्ही माडीवर बसा," उत्तरा म्हणाली. "तिथं वारा चांगला येतो."

असे बोलण्याचे वळण तिला आमच्या घरात मिळालेले नाही. मला ते आवडले.

कापून काढलेली पट्टी, सागाच्या फळ्या व पत्र्यासह, मी अण्णा व विमलावहिनी यांना देतो. ती त्यांच्याचसाठी केली होती आणि मी त्यांचे काही ठेवून घेऊ इच्छित नाही. माझ्या मृत्यूची वाट न पाहता ती माडीच्या जिन्याशी उभी केली आहे.

कलम आठ : काळुराम भोईर.
यांना काही ठेवलेले नाही. ज्याला मिळते त्याने साक्ष घालू नये, असे वकील म्हणतात. मी तसे काळुरामांना सांगितले. ते म्हणाले, "नको दिऊ मास्तर. आस आनला तवा तरी काय मिलला? च्या बी नाय."

हे खरे आहे. त्या दिवशी घरातले दूध संपले होते.

शेवटचे.
हे मृत्युपत्र घरी सही करून उत्तराकडे ठेवण्याचा विचार होता. तो बदलला. गाडी आज सकाळी बोळातून निघाली आणि काळुरामांच्या ट्रकमागे येथवर आली. देवधरांच्या भिंतीचा चुना पत्र्याला लागला आहे. त्यांना फिर्याद करायची असल्यास करावी. अण्णा दारात आले नाहीत. वहिनी आल्या आणि त्यांनी गाडीच्या चाकावर पाणी घातले, हे नोंदवणे योग्य होईल.

गाडी मनासारखी झालेली नाही. डावी बाजू घाईत बसवली आहे, पाऊस आला तर गळेल. आत लोणच्याचा वास आहे. गादी मोठी आहे, ती कडेला दुमडावी लागते. स्टोव्हची पिन घरी राहिली. वासंती अर्धा तास त्याबद्दल बोलते आहे, आणि तिचे बरोबर आहे, कारण आठवण तिने केली होती.

वरील सर्व मजकूर मी वाचला, माझ्या समजुतीप्रमाणे तो खरा आहे, आणि खालील दोघांच्या समक्ष मी सही करीत आहे. त्यांनी माझ्या समक्ष करावी. सह्या झाल्यावर साक्षीदारांनी येथे थांबू नये.

श्रीपाद यशवंत कर्णिक
(सही)

साक्षीदार :
१. काळुराम हाशा भोईर, राहणार बाळकुम (सही)
२. सगुणा काळुराम भोईर, राहणार बाळकुम (डाव्या अंगठ्याची निशाणी)

स्थळ : गायमुख, घोडबंदर रस्ता, खाडीच्या काठी
दिनांक : २४ नोव्हेंबर १९५७