विमारहित घर

रविवार, दिवेलागणीला

उद्या ऑफिसात ताठ मानेनं जाणार. साखरशेतचं आमचं घर जळालं, विमा नव्हता, हे सांगितल्यावर साहेब एवढंच म्हणाले होते, "म्हणजे विमारहित." तो शब्द डोक्यातून जाईना. मी मान का खाली घातली?

आज गावी गेलो. घराघरातून कारवीच्या काठ्यांचा एकेक भारा आलेला, कोणी न मागता. आमच्याकडची रीतच ती. बाप्ये कुडाच्या भिंती बांधत होते, बाया त्या चिखलानं लिंपत होत्या.

साहेबांचा शब्द आईला सांगितला.

"म्हंजे काय रं?"

"घर जळाल्यावर ज्याच्यामागं कोणी उभं राहत नाही, तो."

आईचा चिखलाचा हात थांबला. "कोन रं तो बिचारा? त्याला पन एक भारा नेऊन देऊ."