गुरुवारी येऊ नकोस

प्रिय सूनबाई,

आधी मुद्द्याचं. गुरुवारी चार वाजता दवाखान्यात येऊ नकोस. मी आजारी नाही, कुठल्याही वॉर्डात नाही, तो निरोप खोटा होता. आणि पोरीला, आपल्या खारूताईला, घेऊन तर मुळीच येऊ नकोस. हे दोनदा वाच. पुढचं वाचायचं की नाही, ते तुझ्या मर्जीवर.

बायकांना मदत करणाऱ्या संस्थेच्या ऑफिसात बसून लिहितेय. बसून म्हणजे काय, दोन ओळी लिहिते, उठते, खिडकीतून रस्त्यावर तुझ्या नवऱ्याची मोटारसायकल दिसते का बघते, परत येऊन बसते. टेबलामागच्या ताई मला तिसऱ्यांदा म्हणाल्या की आजी, दाराला आतून कुलूप आहे, कुणी येत नाही. सकाळी आल्या आल्या मी त्यांच्याशी भांडलेच. माझी सून तुमच्याकडे आहे का, एवढंच विचारलं, तर म्हणे आम्ही कुणालाच हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. म्हटलं, अहो, मी सासू आहे तिची. तर बाई शांतपणे म्हणतात, म्हणूनच. असा पारा चढला माझा! तीस वर्षं आयाचं काम केलं, भल्याभल्यांना वॉर्डाच्या दारात अडवलं, आणि ही माझ्या लेकीच्या वयाची पोर मला अडवणार? मग त्यांनी कागद-पेन पुढे सरकवलं. लिहा म्हणाल्या, ती आमच्याकडे असेल तर पोचेल, नसेल तर इथेच राहील, तुम्हाला मात्र काही कळणार नाही. अक्षर वाकडंतिकडं येतंय, सांभाळून घे.

निरोपाचं सांगते. मागच्या रविवारी त्याने तुझ्या कारखान्यातल्या त्या उंच मैत्रिणीचा नंबर कुठून तरी मिळवला. तुझ्याशी बोलणं होतं तिचं, असा त्याचा अंदाज. मला समोर बसवलं, फोन तोंडाशी धरला आणि काय बोलायचं ते सांगितलं. मी दवाखान्यात आहे, फार दिवस नाहीत, गुरुवारी चारच्या भेटीच्या वेळेला नातीला एकदा दाखव. मी बोलले. शेवटी खोकलेसुद्धा. तो खोकला त्याने सांगितला नव्हता बरं, तो माझ्या पदरचा. लाज वाटते सांगायला, पण मला खरंच वाटलं की तू येशील, पोर माझ्या गळ्यात पडेल, आणि मग सगळं आपोआप सुरळीत होईल. अडीच महिने झाले तिचा आवाज ऐकून. जिन्यात कुठल्याही पोराची पावलं वाजली की मी दाराशी जाते. म्हातारपणी माणूस इतकं मूर्ख होतं, हे मला माहीत नव्हतं.

काल संध्याकाळी तो गॅलरीत मित्राशी फोनवर बोलत होता. गाडी मागच्या गेटला लाव म्हणाला, जिथून धोब्याची गाडी आत येते तिथे. आधी पोरगी उचलायची, आई आपोआप मागे येईल. हे तो इतक्या सहज बोलला की मी हातातलं ताट तसंच धरून उभी राहिले. मागचं गेट त्याला मीच दाखवलेलं, तो शाळेत असताना. माझी पाळी सुटेपर्यंत तिथे पायरीवर बसून अभ्यास करायचा. सूनबाई, माझा लेक आहे तो. त्याचं असं लिहिताना जीव तुटतो माझा. पण ऐकलं ते ऐकलं. सकाळी डोळे तपासायला जाते म्हणून निघाले आणि इथे आले.

इथला पत्ता कसा कळला म्हणशील. आमच्या दवाखान्यात बाह्यरुग्ण विभागाच्या भिंतीवर या लोकांचा फलक होता. मार खाणाऱ्या बायकांसाठी मदत, खाली नंबर, पत्ता. अकरा वर्षं मी तो रोज ओल्या फडक्याने पुसलाय. नंबर तोंडपाठ होता मला. तू माझ्या शेजारी बसून ओठाला बर्फ लावायचीस तेव्हाही पाठच होता. एकदा तरी म्हणून दाखवायचा की नाही? नाही म्हटला.

आणि ती मलमपट्टी. माझा हात हलका आहे असं तू म्हणायचीस ना, ते आठवलं की मला बसवत नाही. जिन्यावरून पडलेल्या माणसाला कुठे लागतं आणि कुठे लागत नाही हे मला कुठल्याही डॉक्टरइतकं कळतं. तरी तू पडले म्हणालीस की मी मान हलवायची. डाव्या भुवईला तीन टाके पडायला हवे होते, मी चिकटपट्टीने भागवलं, आणि वर कौतुक माझंच मला की व्रणसुद्धा राहिला नाही. दवाखान्यात कशाला, घरच्या घरी करू, चार लोकांत शोभा नको, असं मीच म्हणायचे. कोर्टात पहिल्या तारखेला त्याच्या वकिलाने विचारलं की सहा वर्षं मारत होता तर दवाखान्याचा एक कागद दाखवा. मी लेकाच्या शेजारी बसले होते, नवी साडी नेसून. तुझ्याकडे कागद नव्हता तो माझ्यामुळे. तुझ्या नवऱ्याने मारलं, आणि पुरावा मी पुसून काढला.

आता ताईंनी माझ्याकडून सगळं लिहून घेतलंय. भुवई, बरगडी, दोनदा मनगट, कानामागचं ते, आणि खारूताई पाळण्यात असतानाचं. सहा प्रसंग. कोणत्या साली, कोणत्या ऋतूत, कशाने बांधलं, किती दिवसांनी सोडलं, सगळं आठवलं. कामच होतं ते माझं. पुढच्या तारखेला मी तुझ्या बाजूने उभी राहणार आहे. वकील ओरडेल, ओरडू दे.

अक्षराचं राहिलं. सोमवारी मी त्याला म्हटलं, तो निरोप मागे घेऊ या, मला नाही बरं वाटत. त्याने फक्त उजवं मनगट धरून पिरगाळलं. शेजारच्या बाईंनी विचारलं तर मी चटकन म्हणाले, न्हाणीघरात घसरले. तोंडातून कसं आलं बघ, जसं रोजचंच. पट्टी डाव्या हाताने आणि दातांनी बांधली, झकास बांधली. ताईंनी ती सोडायला लावली. दोन वाजता डॉक्टरीणबाई येऊन बघतील आणि कागद करतील. ताई म्हणत होत्या, आजी, तुम्ही सांगा, मी लिहिते. म्हटलं, हे मलाच लिहू दे.

कारण गुरुवारचा निरोप त्यांनी सकाळीच टिपून घेतला होता, पोलिसांनाही कळवलं. तेवढ्यासाठी या पत्राची गरज नव्हती. हे लिहिलं ते एका दुपारसाठी. तू घर सोडलंस त्याच्या आदल्या आठवड्यातली. तू माझ्या खोलीचं दार वाजवलंस, आई, उघडा, आई, उघडा, असं चार वेळा म्हणालीस. नंतर मी तुला सांगितलं की गोळीने डोळा लागला होता. नव्हता लागला गं. मी दाराला आतून पाठ लावून उभी होते आणि कडी हाताने घट्ट धरली होती. तुला हे दुसऱ्या कुणाकडून कधीच कळलं नसतं. माफी मागत नाही, तेवढं तोंड नाही मला. आता मी घरी जाऊ शकत नाही. ताईंनी राहायची सोय करू का विचारलं, मी हो म्हटलं, पण एक अट घातली. माझी सून जिथे असेल तिथे मला ठेवू नका. त्या म्हणाल्या, ती कुठे आहे ते आम्ही सांगणार नाही. म्हटलं, सांगू नका, फक्त मला तिथे ठेवू नका. शेजारच्या खोलीत मी नाही, हे माहीत असू दे तिला, आणि पोरीला स्वस्थ झोप लागू दे.

सवयीने लिहितेय, नको असेल तर खोडून टाक,

तुझीच
सासू