डावीकडं बघायचं नाही

९ फेब्रुवारी १९८४
ऑफिस. साखर कारखान्यात गाळपाचा सीझन, ऊसगाड्यांची रांग पार फाट्यापर्यंत. घरी आलो तर ओट्यावर डावीकडचे बसलेले. नेहमीप्रमाणे तोंड फिरवून आत शिरलो.
(डावीकडचे म्हणजे थोरले बंधू. दूध सोसायटीच्या कमिटीला उभा होतो, तर भरसभेत माझ्याविरुद्ध हात वर केला. एका मतानं पडलो. सख्खा भाऊ! तेव्हापासून बोलणं बंद, बघणं बंद, या वहीत नावसुद्धा बंद. ओटा मात्र दोन घरांना मिळून एकच.)
मान जरा दुखते.

११ फेब्रु.
मान दुखतेच. संध्याकाळी ओट्यावर चहा. त्यांचाही नेमका तेव्हाच. मी उजवीकडच्या लिंबाकडं बघत पितो. दोन वर्षं तोच लिंब बघतोय. सौ. म्हणाली, "अहो, सरळ बसा की. मान मोडायचीय का?" तिला काय जातंय बोलायला. सरळ बसलो की डोळ्याच्या कोपऱ्यात त्यांचं धोतर येतं.

१३ फेब्रु.
मान गेली! सकाळी उठलो तर डावीकडं फिरलेली, ती तिथंच. उजवीकडं आणायला गेलो, डोळ्यापुढं काजवे. अरे देवा, फिरायचंच होतं तर दुसरी बाजू नव्हती?
तोंड धुवायला ओट्यावर. तिकडं डावीकडचे राखुंडी लावत बसलेले. मी बघतोय, ते बघतायत. मी बघतच राहिलो, करणार काय? शेवटी तेच तांब्या घेऊन आत गेले. आतून आवाज आला, "बघ गं, सकाळी सकाळी कसा डोळे वटारून बघतोय!"
दोन वर्षांनी त्यांच्या तोंडून माझा विषय ऐकला.

१४
उशी उन्हात टाकली. मिठाची पुरचुंडी, निलगिरी, सगळं झालं. काडीचा फरक नाही.
सायकलवर ऑफिसला. सायकल रस्त्यानं, मी उसाकडं बघत. बैलगाडीवाला ओरडला, "ओ सायेब, रस्ता हिकडंय!"
मोठे साहेब उजव्या अंगानं आले. मी कपाटाकडं बघत "होय साहेब" म्हटलं. "बोलतो कोण, बघता कुठं?" मग खुर्चीसकट फिरलो. सगळं ऑफिस खाली मान घालून हसत होतं. त्यांना खाली घालता येते.

१५
सौ.बरोबर दवाखाना. डॉक्टर तरुण. "बसता कसे? झोपता कसे?" सांगितलं, दिवसभर वाकून लिहिणं, उशाला दोन उशा, आणि बातम्या ऐकताना ट्रान्झिस्टर खांद्यात धरायची सवय. सौ. मधेच, "खरं सांगा की! डॉक्टरसायेब, थोरल्या भावाचं तोंड बघायचं न्हाय म्हणून हे दोन वर्षं एकाच अंगाला मान करून बसत्यात. झोपत्यात बी तसंच."
डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. हसू दाबत म्हणाले, "इतके दिवस एकीकडं ओढून धरलीत, मग आखडणारच. गोळ्या देतो. पण सवय मोडा. सरळ बघत जा."
सरळ बघा म्हणे! याला भाऊ नसणार.
वाटेत सौ.ला चांगलं झापलं. त्यासाठी तिला डावीकडून चालायला लावावं लागलं.

१७
गोळ्यांनी झोप येते, मान येत नाही. गल्लीतली सखूआत्या बघायला आली. "गोळ्या कशाला रं? पायाळूचा पाय लाव मानंला. पायाकडून जलमलेल्या माणसाचा पाय लागला की लचक जाती."
म्हटलं, गावात पायाळू कोण आहे?
सौ. पदरात तोंड घालून हसायला लागली. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. थोरल्याच्या वेळी आधी पाय आले, मग डोकं, हे आईच्या तोंडून हजारदा ऐकलेलं.
त्यांचा पाय माझ्या मानेवर? मेलो तरी चालेल.

१९
कूस बदलताना डोळ्यांत पाणी आलं. दुखण्यानं आलं, दुसरं काही नाही.
सौ. न विचारता वहिनींकडं गेली. निरोप आला, "त्यानं आधी तोंडानं बोलावं." मी उलट निरोप दिला, "आधी हात का वर केला ते सांगावं." मग तेच सुरू. दोघं ओट्याच्या दोन टोकांना, मधे वहिनी. याचं त्याला, त्याचं याला. सगळं ऐकू येत होतं, तरी वहिनींनी सांगायचं. शेवटी त्या कावल्या, "आता माझीच मान मोडंल हिकडं तिकडं बघून!"

२०
सकाळी ओट्यावर जाऊन पालथा पडलो. बोललो नाही, नुसता पडलो.
बऱ्याच वेळानं मानेवर पाय आला. खरखरीत टाच. याच पायानं लहानपणी विहिरीत ढकलून पोहायला शिकवलं होतं. आज मात्र हळू फिरवत होता. निम्मी गल्ली जमली. कोण तरी म्हणालं, "आता पडला बघा खरा!"
वरून आवाज आला, "तुझी एक म्हैस. ती बी भाकड. आन् निघाला दुधाच्या कमिटीवर! हात वर करू न्हाय तर काय करू?"
पालथं पडून भांडता येत नाही. एवढंच म्हटलं, "घरात सांगायचं होतं की. चारचौघांत कशाला?"
पाय थांबला.
"व्हय," अण्णा म्हणाला. "ते चुकलं माझं."
कट्ट वाजलं. मान निम्मी वळते.
दुपारी ऑफिसात आठवून रडू आलं. दुखत नव्हतं.

४ मार्च
मान पूर्ण वळते. मी म्हणतो गोळ्यांनी, अण्णा म्हणतो पायानं. ओट्यावर चहा होईपर्यंत हाच वाद.
विहिरीनं तळ गाठला, टँकर दोन दिवस नाही. म्हैस मात्र व्याली. सोसायटीची निवडणूक लागलीय, अर्ज भरला. अण्णाला सांगितलं नाही. कळलं असणारच.

११ मार्च
मीटिंग शाळेत. अण्णा मागच्या ओळीत, डावीकडं. माझं नाव पुकारलं. "बाजूनं असतील त्यांनी हात वर करा."
मान वळत होती. वळवली नाही. फळ्याकडं सरळ बघत बसलो, डॉक्टरांनी सांगितलं तसं.
पडलो. या वेळी दणकून.
घरी येताना अण्णा बरोबर. "म्हशीला सरकी घालतो का न्हाय?" म्हटलं, घालतो. आज हात वर केला का, विचारायचं पार ओठावर आलं होतं.
सौ. शाळेच्या खिडकीशी उभी होती. तिनं सगळ्यांचे हात बघितलेत. आल्या आल्या म्हणाली, "सांगू का?"
म्हटलं, थांब जरा. अण्णा ओट्यावर आलाय, आधी चहा टाक.