दोन पाहुण्यांच्या मधे

दि. ४ ऑक्टोबर

प्रिय ताईस सप्रेम नमस्कार,

तुझं पत्र पोचलं. आम्ही दोघं इकडे मजेत. तू, दाजी, पोरं, तुझ्या सासूबाई सगळे बरे असाल. 'फोन करायचा सोडून तुझी बहीण पत्रं काय लिहीत बसते,' असं दाजी म्हणाले असणारच. त्यांना सांग, बाबांना हल्ली ऐकू कमी येतं. मी फोन घेतला की ते स्पीकर लावायला लावतात आणि दर वाक्याला 'काय म्हणाली? काय म्हणाली?' बापाच्या देखत बापाबद्दल काय बोलायचं, कपाळ! मेसेज करावा तर तुझा मोबाईल कायम थोरल्याच्या हातात. म्हणून आपलं हे बरं.

सुट्टीत येणार म्हणतेस. ये गं, तुला नको कोण म्हणेल? पण आत्ता नको. घरात रंगाचं काम काढलंय. सगळं सामान मधोमध ओढून ठेवलंय, भिंती खरवडल्यात, पाय ठेवायला जागा नाही. पोरांना घेऊन आलीस तर त्यांना बसवू कुठे? जिन्यातल्या पत्रपेट्याही कामगारांनी उखडून ठेवल्यात, तेव्हा पुढचं पत्र खालच्या टेलरच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठव. तो आणून देतो. भला माणूस आहे, फक्त बोलायला लागला की थांबत नाही.

गल्लीत विशेष काही नाही. वाण्याचं दुकान गेलं, तिथे आता बॅगा ठेवायची कपाटं आहेत. पाहुणे लोक बॅगा कोंबतात आणि शहर बघायला जातात. मास्तरीणबाई मुलीकडे गेल्या. समोरच्यांनीही जागा सोडली. पहाटेपासून फरशीवर चाकांच्या बॅगांचा खडखडाट सुरू होतो, तोच आता आपला गजर. बालवाडीचं तुला कळवलं होतंच. गल्लीत पोरंच उरली नाहीत तर बाईंनी शिकवायचं कुणाला? मला दुसरं काम मिळालंय, साफसफाईचं, भाड्याने देतात त्या फ्लॅटांमध्ये. नाक मुरडू नकोस. काम हे काम.

आता खरं ते लिहिते. बाबांना थोडे दिवस तुझ्याकडे नेशील का? थोडे म्हणजे थंडी संपेपर्यंत. त्यांचा खोकला हटत नाहीये. डॉक्टर म्हणाले कोरड्या जागेत ठेवा, ऊन येईल अशा. रंगाचा वास त्यांना सोसत नाही. त्यांना काही पथ्यपाणी लागत नाही, कुरकुर तर अजिबात नाही. एका कोपऱ्यात बसून राहतात. बघ जमलं तर.

मी ठीक आहे. माझी काळजी करू नकोस.

तुझी,
मुंगी

---

दि. १३ ऑक्टोबर

मुंगे,

अनेक आशीर्वाद. तू रंग काढलायस की राजवाडा बांधायला घेतलायस? मागच्या उन्हाळ्यात फोनवर बाबाच म्हणाले होते, 'रंगाचा फार वास येतो गं.' तेव्हापासून तोच रंग चाललाय? ते कामगार तुला चांगलेच गुंडाळताहेत. मी आले की बघते एकेकाकडे.

बाबांचं वाचून जीव कासावीस झाला. पण तूच सांग, त्यांना ठेवू कुठे? बाहेरच्या खोलीत सासूबाईंचा पलंग, आत आम्ही चौघं, पोरगी अभ्यासाला ओट्याशी बसते. बाबांना काय माळ्यावर झोपवू? रागावू नकोस. समोरासमोर बसून काहीतरी ठरवू.

आणि समोरासमोर म्हणजे याच महिन्यात, कारण मी येतेय! तुझ्या घरात पसारा आहे ना, मग तुला आमचा त्रासच नको. दाजींनी आपल्याच गल्लीत चार दिवसांसाठी एक फ्लॅट घेतलाय, त्यांच्याच नावावर. पैसे भरले तरी पत्ता म्हणून नुसता नकाशावर गोल दाखवतात, नेमकं दार म्हणे आदल्या दिवशी कळवतात. पण गोल आपल्या गल्लीवरच आहे. फोटो बघशील तर थक्क होशील. पांढऱ्याशुभ्र भिंती, एकच मोठी खोली, आणि खिडकीत बसायला लाकडी कट्टा. अगदी बाबांनी मला करून दिला होता तसा! म्हटलं, बाबांना नेऊन दाखवू, तुमच्या तोडीचं काम करणारा अजून कुणीतरी होता म्हणावं गल्लीत.

सव्वीस तारखेला पोचतो. बाबांना सांग, आणि उगाच स्वयंपाक करत बसू नकोस.

तुझी,
ताई

---

दि. १७ ऑक्टोबर

ताई,

नमस्कार वगैरे राहू दे. हे पत्र एकटी असताना वाच, आणि वाचून लगेच फोन करू नकोस. बाबा शेजारीच असतात.

तो कट्टा बाबांनीच केलेला आहे. तुला गोवर आला होता आणि तू खिडकीतून हलायला तयार नव्हतीस, तेव्हाचा. दाजींनी आपलंच घर घेतलंय, ताई. स्वयंपाकघराची भिंत पाडली म्हणून तुला ओळखू आलं नाही. तू जिथे पोरांना झोपवशील तिथे आपला ओटा होता. माझ्या कामाच्या मोबाईलवर बुकिंग आलं, त्यावर दाजींचं नाव होतं. तुझ्यासाठी ते घर झाडून, चादरी घालून, टॉवेल दुमडून ठेवायचं काम माझंच आहे.

घर मागच्या उन्हाळ्यातच गेलं. घरमालक वारले आणि सगळा कारभार त्यांच्या मुलाकडे आला. तुला आठवतो ना, शेंबड्या? जिन्यात आपल्या मागे मागे फिरायचा, त्याचं नाक आई पुसायची. आता त्याला सर म्हणावं लागतं. तो आला, बाबांच्या पाया पडला आणि म्हणाला, 'काका, रंगाचं काम काढलंय, भिंती खरवडायच्यात, दोन महिने दुसरीकडे राहा, नवंकोरं घर देतो.' म्हणजे रंगाची थाप मी रचलेली नाही. मला दिलेलीच मी तुला पुढे दिली. बाबांनी स्वतः कपाट रिकामं केलं. विश्वासाने गं! सामान टेलरच्या पोटमाळ्यावर टाकलं आणि आम्ही मास्तरीणबाईंकडे राहिलो. मग त्यांचीही जागा गेली. आमचं कुलूप तर कधीच बदललं होतं. मी भांडायला गेले तर शेंबड्या म्हणतो कसा, 'तुम्हाला काम हवंय ना? साफसफाईला माणूस पाहिजेच आहे. घर तुम्हाला माहीतच आहे.' त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं, आणि मी 'हो सर' म्हटलं. बालवाडी बंद झाली होती, करणार काय?

जागा शोधल्या नाहीत असं समजू नकोस. चपला झिजल्या. कुठेही गेलं की पहिला प्रश्न, 'किती दिवसांसाठी?' कायमची हवी म्हटलं की माणूस हसतो. गावाबाहेर एक खोली मिळत होती, पण तिथून पहिल्या बसने निघाले तरी माझ्या कामाची वेळ टळते, आणि काम सुटलं तर त्या खोलीचं भाडं तरी कुठून देणार?

आता आम्ही कुठे राहतो ते विचारशील. आपल्याच इमारतीत, तळमजल्यावर, पूर्वी पंप होता त्या खोलीत. तिथे सगळ्या फ्लॅटांच्या चादरी, उशा, टॉवेल ठेवतात. खिडकी नाही. भिंतीला हात लावला तर ओला होतो. चादरींच्या गठ्ठ्यांवर बाबा झोपतात. दिवसभर ते बसल्या बसल्या अभ्र्यांच्या घड्या करतात, कोपऱ्याला कोपरा जुळवून. आयुष्यभर सुताराचा गुण्या घेऊन काटकोनात लाकडं जुळवली, आता अभ्रे जुळवतात. मी म्हटलं, 'राहू द्या ना बाबा.' तर म्हणाले, 'भाडं समज.'

आंघोळीची सोय अशी की एक पाहुणे गेले आणि दुसरे यायचे असले, की मधल्या वेळात मी बाबांना त्या फ्लॅटमध्ये नेते. आधी त्यांची आंघोळ, मग माझी साफसफाई. त्यांना गादीवर जरा पाठ टेका म्हटलं तर टेकत नाहीत, सुरकुती पडेल म्हणतात. खुर्चीच्या काठावर ओले केस घेऊन बसून राहतात, डॉक्टरकडे नंबर लावल्यासारखे. मग मी सगळं पुसते. मोरीची जाळी, आरसा, त्यांच्या पायांचे ठसे. आपला बाप पुसून काढते मी, ताई. आठवड्यातून तीनदा. आणि एखाद दिवशी दोन पाहुण्यांच्या मधे वेळच नसतो, तेव्हा त्यांना नुसत्या ओल्या टॉवेलवर भागवावं लागतं.

गेल्या आठवड्यात एका बाईने तक्रार लिहिली, उशीच्या अभ्र्यावर पांढरा केस सापडला म्हणून. शेंबड्याने मोबाईल माझ्या तोंडासमोर धरला. 'हा केस कुणाचा?' मी म्हटलं, आधीच्या पाहुण्यांचा असेल. तो म्हणाला, 'परत असं झालं तर खालची खोलीही बघावी लागेल.' म्हणजे आम्ही खाली राहतो ते त्याला माहीत आहे. माहीत नसल्याचं सोंग त्याला परवडतं, तोवर आम्ही तिथे आहोत. त्या दिवशी मी कात्री घेतली आणि बाबांचे केस पार बारीक कापले. ते मान खाली घालून बसले. नंतर कापलेले केस त्यांनीच कागदात गोळा केले, एकही पडू दिला नाही. मला वाटलं, भिंतीवर डोकं आपटावं.

फोनवर 'रंगाचा वास येतो' म्हणून तुला सांगायचं त्यांनीच ठरवलं होतं. 'तिच्या घरात आधीच पाय ठेवायला जागा नाही, तिला कशाला घोर,' म्हणाले. खोकला आला की फोन माझ्याकडे देतात, तुला वाटतं कंटाळले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की या ओलीत त्यांचा हा हिवाळा निघणार नाही. मागच्या पत्रात मी ते गोड करून लिहिलं. आता जसं सांगितलं तसं लिहिते. निघणार नाही.

माझ्यावर चिड, हवं तेवढं बोल. पण ताई, हात जोडते, रागाच्या भरात ते बुकिंग रद्द करू नकोस. ते चार दिवस घर तुझ्या ताब्यात असेल. चार दिवस बाबा पलंगावर झोपतील, उन्हात बसतील, कितीही खोकतील, आणि मला मागून पुसत बसावं लागणार नाही. बुकिंग चौघांचं आहे, बाबा पाचवे. शेंबड्याने विचारलं तर स्पष्ट सांग, आमचे वडील आहेत. मला ते सांगता येत नाही, तुला येईल. तू पाहुणी आहेस.

एकच अडचण आहे. इतर सगळ्या फ्लॅटांत ते येतात, त्या एका घरात पाऊल टाकत नाहीत. एकदा मी म्हटलं, 'आज आपलं घर रिकामं आहे, गरम पाणीही आहे.' तर म्हणाले, 'त्या घरात मी चोरून जाणार नाही,' आणि थंड पाण्याने खालीच तोंड धुतलं. तू कुठे उतरणार ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही, धीरच होत नाही. मी बोलावलं तर येणार नाहीत. तू खिडकी उघड आणि वरून हाक मार. खालच्या खोलीचं दार मी उघडं ठेवते, त्यांच्या कमी ऐकणाऱ्या कानांपर्यंत जाईल अशी, मोठ्याने, कुणाची भीडभाड न ठेवता. लाजू नकोस. गल्लीत ओळखीचं आता कुणी नाही. तुझ्या हाकेला ते नाही म्हणायचे नाहीत.

आणि परत जाताना त्यांना घेऊन जा. नेऊ का म्हणून विचारत बसू नकोस, सरळ हाताला धर. माळ्यावर ठेव, ओट्याखाली ठेव, सासूबाईंच्या पायाशी गादी घाल. कोरडं असलं म्हणजे झालं. सासूबाई काय म्हणतील ते मी येऊन त्यांच्या पाया पडून ऐकून घेईन. माझ्याजवळ दुसरा उपाय नाही ताई, माझं सगळीकडे बघून झालं.

घर लख्ख करून ठेवते. पोरांना सांग, मावशी दारात असेल.

तुझी,
मुंगी

ता. क. मी ठीक आहे असं मागे लिहिलं होतं, ते खरं नाही. तुझ्याकडे एकाचीच जागा निघेल हे मला कळतं, तेव्हा बाबांना ने. पण निघताना एकदा मलाही 'चल' म्हण. मी येणार नाही. तरी म्हण.