कापलेली संगीन

प्रिय दादा,

फोनवर तू 'हाँ हाँ, देखते हैं' म्हणत विषय गुंडाळतोस, म्हणून कागदावर लिहिते आहे. शेवटपर्यंत वाच.

आमच्या अलीगंजच्या प्रयोगशाळेत धातूच्या जुन्या वस्तू गंज काढायला येतात, ठाऊकच आहे तुला. गेल्या मंगळवारी पहिल्या महायुद्धातल्या हत्यारांची पेटी आली. दोन लांब रायफली, खंदकातून डोकं वर न काढता बाहेर बघायचा आरशांचा पेरिस्कोप आणि कापून आखूड केलेली एक संगीन. मुठीवरचा मळ काढला नि माझा हातच थांबला. मूठ तुझ्या मोडक्या बॅटच्या लाकडाची! लाल स्टिकरची कड अजून चिकटलेली. विकास नगरच्या गच्चीत बसून बाबा ही नवी मूठ तासत होते, मी टॉर्च धरला होता आणि तू 'माझी बॅट, माझी बॅट' करत भोकाड पसरलं होतंस.

पणजोबांची संगीन रे ती. बाबा किती रंगवून सांगायचे! मेसोपोटेमियातल्या अरुंद खंदकात लांब रायफलीला हातभर संगीन लावली की धड वळताही यायचं नाही, म्हणून पणजोबांनी ती कापून सुऱ्याएवढी केली आणि तिच्या जोरावर जिवंत परतले. बाबांना ती गावच्या शाळेत नेऊन दाखवायची होती. तुम्ही दोघं निघालात आणि चारबाग स्टेशनच्या फलाटावरून पिशवी चोरीला गेली. बाबांचा डोळा लागला होता, हे घरी येऊन तूच सांगितलंस.

पेटीसोबत फाइल होती. तिच्यात एक फोटो. तुझ्या मोठ्या साहेबांच्या बढतीचा सत्कार, मखमलीवर संगीन आणि ती दोन्ही हातांनी देणारा तू, दात काढून हसणारा. तारीख चोरी झाली त्याच वर्षीच्या डिसेंबरची. मार्चमध्ये तुझी दिल्लीला बदली झाली, आम्ही अख्ख्या कॉलनीत पेढे वाटले. पेटी साहेबांनीच पाठवलीय आणि सोबतच्या अर्जात लिहिलंय, ही आमच्या आजोबांची. अरे, पणजोबासुद्धा देऊन टाकलेस?

संगीन गेली याचं नाही एवढं वाटत. पण सात वर्षं बाबा प्रवासात डोळा मिटायला घाबरले. आई येता-जाता त्यांना 'कुंभकर्ण' म्हणून टोचायची, आणि सुटीत आलास की तूही तिच्यासोबत हसायचास. लाज कशी वाटली नाही तुला? शेवटच्या आजारपणात बाबा मला म्हणाले, शेखरला द्यायची होती गं ती, माझ्यामुळे गेली, त्याला म्हणावं, मला माफ कर.

अहवालात मी पणजोबांचं नाव लिहिलंय. साहेबांना काय तोंड दाखवायचं ते तू बघ. आईला मात्र मी काहीच सांगितलेलं नाही. हे पाकीट तिच्याच हाती दिलंय. आत्ता ती तुझ्यासमोर बसली असेल आणि उल्कानं एवढं काय लिहिलंय म्हणून विचारत असेल. बाबांनी ती हरवली नव्हती, एवढं तिला तुझ्या तोंडानं सांग.

अजून तरी तुझीच,
उल्का